वजनदार विंडसर्फरसाठी लाटांवरचा बोर्ड: निवड आणि जोडणी

नव्वद किलोंच्या पुढचा माणूस लाटांवरच्या विंडसर्फिंगकडे वळला की बहुतेक वेळा त्याच्या गळ्यात लहान बोर्ड पडतो. हवाईतलं होओकिपा, कॅनरी बेटांतलं पोझो इथले व्हिडिओ आपण बघतो. त्यात सत्तर-पंचाहत्तर किलोंची मंडळी ऐंशी लिटर आकारमानाच्या बोर्डवरून उड्या मारत असतात आणि वारा पंचवीस-तीस नॉटचा (ताशी सागरी मैलांचा) असतो. वेव्ह बोर्ड म्हणजे छोटा बोर्ड, हे तिथे डोक्यात पक्कं बसतं. दुकानदारही ९२ लिटरचा बोर्ड पुढे करून सांगतो की वेव्ह बोर्डमध्ये हा मोठाच म्हणायचा. तो खोटं बोलत नसतो, पण त्याचं माप पंचाहत्तर किलोंच्या माणसाचं असतं.

बोर्ड आधी आपल्या वजनाला पेलणारा हवा, लाटांचा विचार त्यानंतर. हे एवढं धरून ठेवलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. अंगाने थोराड माणसाला लाटा जमत नाहीत, हा समजही सोडून द्या. ब्योर्न डुंकरबेक हा उंचापुरा, धिप्पाड गडी १९८८ ते १९९९ सलग बारा वर्षं व्यावसायिक विंडसर्फिंगचा एकूण जगज्जेता होता, आणि त्या विजेतेपदात लाटांवरच्या स्पर्धाही मोजल्या जात.

हा लेख लाटांमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे, विंडसर्फिंगच नव्याने शिकणाऱ्यांसाठी नाही. वॉटरस्टार्ट (शिडाच्या ओढीने पाण्यातून थेट बोर्डवर येणं), हार्नेस (शिडाची ओढ कमरेवर घेणारा पट्टा), पायपट्ट्यांत पाय घालून प्लेनिंग (बोर्ड पाण्यावर उचलला जाऊन सुसाट धावणं), या गोष्टी सपाट पाण्यावर अंगवळणी पडलेल्या असाव्यात. फुटत्या लाटांत बोर्डवर उभं राहून दोरीने शीड उपसायला वेळच मिळत नाही; पुढची लाट येऊन सगळं उलटंपालटं करते. गिरगाव चौपाटीवर किंवा गोव्यात उन्हाळ्यातल्या दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर शिकलेली आणि आता नोकरीनिमित्त नेदरलँड्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेत गेलेली बरीच मराठी मंडळी नेमकी या टप्प्यावर असतात. पाया झालेला असतो आणि समोर खऱ्या लाटांचा समुद्र असतो.

पहिली पायरी: वजनाचा हिशोब कागदावर मांडा

समजा तुमचं वजन ९५ किलो आहे. बोर्डचं स्वतःचं वजन सात-आठ किलो. शीड, मास्ट (शिडाची डोलकाठी), बूम (हाताने धरायचा आडवा दांडा) आणि मास्टला बोर्डशी जोडणारा खालचा जोड मिळून साधारण नऊ किलो. ओला वेटसूट आणि हार्नेस यांचे तीन-चार किलो धरा. बेरीज ११५ किलोंच्या घरात जाते. समुद्राच्या पाण्यात एक लिटर आकारमान जेमतेम १.०२५ किलो उचलतं. म्हणजे १०५ लिटरचा बोर्ड जवळपास १०८ किलो तोलून धरतो आणि सात-आठ किलो कमी पडतात. वारा पडला की बोर्ड पाण्याखाली जाईल, पण घोट्याच्या जरा वर पाणी येईपर्यंतच. शिडात थोडा जरी वारा भरला तरी तो तुमचं काही वजन उचलतो आणि तुम्ही रखडत का होईना पुढे सरकता.

हाच हिशोब ८५ लिटरच्या बोर्डचा करून बघा. जवळजवळ तीस किलोंची तूट. वारा जरा मंदावला की गुडघ्यापर्यंत पाण्यात, बोर्डचं नाक आकाशाकडे, आणि मागून लाट येतेच आहे. वजनदार माणसं दमतात ती लाटेवर स्वार होताना नाही, तर किनाऱ्यापासून लाटांच्या पलीकडे जाताना. तिथे लिटर कामाला येतात.

अंदाज असा ठेवा. एकच बोर्ड घ्यायचा असेल आणि वजन ८५ ते ९० किलो असेल, तर ९५ ते १०० लिटर. ९० ते १०० किलोंना १०५ ते ११०. त्याच्यापुढे ११५ ते १२०. कंपनीने छापलेल्या आकड्यात आणि खऱ्या आकारमानात दोन-तीन लिटरचा फरक पडू शकतो, त्यामुळे १०४ घ्यावा की १०६, यावर झोप घालवू नका.

११५ च्या पुढे शुद्ध वेव्ह बोर्ड फारसे मिळत नाहीत. तिथे फ्रीस्टाइल-वेव्ह किंवा क्रॉसओव्हर म्हणून विकले जाणारे, सपाट पाणी आणि लाटा दोन्हींत चालणारे बोर्ड बघावेत. ताबू कंपनीचा थ्री-एस किंवा सेव्हर्न कंपनीचा डायनो ही त्यातली जुनी, नावाजलेली उदाहरणं. शेपटाला तीन फिनची (तळाला बसणाऱ्या पात्यांची) सोय असलेला असा बोर्ड घेऊन त्याला लाटांचे फिन लावले, तर नवख्या वजनदार माणसाला तो शुद्ध वेव्ह बोर्डपेक्षा जास्त लाटा मिळवून देतो. यात काही कमीपणा नाही.

दुसरी पायरी: तुमचा किनारा कोणता, ते आधी ठरवा

केप टाउनजवळच्या ब्लोबर्गला उन्हाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आग्नेयेचा वारा किनाऱ्याला जवळजवळ समांतर आणि जोरात वाहतो. लाट स्वच्छ फुटते, वारा भरपूर असतो. तिथे वजनाच्या किलोंच्या आकड्यापेक्षा पाच लिटर कमी बोर्ड चालून जाईल. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर मात्र नैर्ऋत्येचा वारा बहुधा तिरका किनाऱ्याकडे येतो. लाटा एकामागोमाग एक आणि विस्कटलेल्या असतात, वारा मध्येच कमी होतो. तिथे वजनापेक्षा दहा-बारा लिटर जास्तच हवेत, आणि तळ कमी बाकाचा हवा.

मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, दिसायला फार देखणा असतो. लाटा आरशासारख्या उभ्या राहतात. नवख्याने त्यात उतरू नये. मास्टचा जोड तुटला तर वारा तुम्हाला खोल समुद्रात घेऊन जातो. आणि आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्याबद्दल स्पष्टच सांगतो: पावसाळ्यात वारा आणि लाटा दोन्ही मिळतात म्हणून तिथे बोर्ड नेऊ नका. उधाण, किनाऱ्यालगतची ओढ आणि मदतीला कोणी नसणं, हे तिन्ही एकत्र आलं की चांगला पोहणाराही हतबल होतो.

तिसरी पायरी: लिटरच्या पलीकडे बघा

लिटरचा उपयोग बोर्ड हळू असताना. बोर्ड एकदा पाण्यावर उचलला जाऊन सुसाट निघाला, की त्याला आकारमानाशी फारसं देणंघेणं नसतं. तेव्हा रुंदी आणि तळाचा बाक काम करतात. म्हणून सारख्याच लिटरचे दोन बोर्ड अगदी वेगळे वागू शकतात.

वजनदार माणसासाठी मधली रुंदी ६१ ते ६४ सेंटिमीटर बघा. शेपूटही जरा भरलेलं हवं, कारण मागच्या पायावर आपलं वजन जास्त येतं आणि अरुंद शेपूट त्याखाली बसून जातं. तळाचा बाक, ज्याला रॉकर म्हणतात, मास्टपासून मागच्या पट्टीपर्यंत शक्य तितका सपाट असावा. जास्त बाकाचा बोर्ड लाटेच्या पोटात छान वळतो, पण प्लेनिंगला यायला त्याला जोरकस वारा लागतो, आणि वजनदार माणसाला तो आणखी जोरकस लागतो. दुकानात बोर्ड उलटा ठेवून तळावर लांब सरळ पट्टी धरली, तर फरक डोळ्यांना दिसतो.

कडांकडेही लक्ष द्या. काही कंपन्या मोठा बोर्ड करताना छोट्याच बोर्डची जाडी वाढवतात. मग कडा फुगीर होतात आणि लाटेत वळताना पाण्यात शिरायला नकार देतात. वजनदार माणसाचा मोठा फायदा हाच असतो की तो कड सहज दाबू शकतो. लाटेच्या पायथ्याशी घ्यायचं वळण हलक्या माणसापेक्षा तो ठामपणे, धक्के न बसता घेतो. हा फायदा जाड कडांपायी घालवू नये.

बांधणीबाबत काटकसर नको. उडीनंतर सपाट आपटलेला बोर्ड टाचांखाली दबतो, आणि शंभर किलोंचा माणूस आपटतो तेव्हा तर जास्तच. टाचेखाली जाड गादी आणि वरच्या पृष्ठभागाला दुहेरी सँडविच बांधणी असलेला बोर्ड अर्धा किलो जड भरला तरी चालेल.

जुना बोर्ड घेणार असाल तर वजनकाटा बरोबर न्या. त्या मॉडेलचं मूळ वजन शोधून ठेवा. किलो-दीड किलो जास्त भरला तर आत पाणी शिरलेलं असण्याची शक्यता मोठी. पायपट्ट्यांच्या आजूबाजूला आणि टाचांच्या जागी दोन्ही अंगठ्यांनी जोर देऊन दाबा. कुठेही पृष्ठभाग आत जात असेल, कागदी पुठ्ठ्यासारखा चरचरत असेल, तर तो बोर्ड हलक्या माणसाकडे आणखी वर्षभर टिकेल, तुमच्याकडे महिनाभर. मास्टच्या खोबणीच्या पुढे आडव्या केसासारख्या भेगा आहेत का, हे तिरप्या उजेडात बघा. बोर्ड तिथेच मोडतो.

चौथी पायरी: फिन

नव्या बोर्डबरोबर येणारे फिन मध्यम वजनाच्या माणसाला धरून दिलेले असतात. आपण मागच्या पायाने जोर दिला की ते पाणी सोडतात आणि शेपूट एकदम बाजूला घसरतं. पुष्कळांना वाटतं आपलं तंत्र चुकतंय. खरं तर फिन लहान असतात.

तीन फिनची मांडणी नवख्या वजनदार माणसासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते. १०५ ते ११० लिटरच्या बोर्डला मधला फिन १९ ते २१ सेंटिमीटर आणि बाजूचे दहा-दहा सेंटिमीटर, इथून सुरुवात करा. वारा कमी आणि लाटा लहान असतील तर मधला एक-दोन सेंटिमीटर वाढवून बाजूचे कमी करा. चार फिनची मांडणी पकड छान देते, पण पाण्याला विरोधही जास्त करते. जोराचा, किनाऱ्याला समांतर वारा मिळत असेल तरच ती घ्या. आणि दिवस अगदीच मंद असेल तर बाजूचे फिन काढून एकच २४-२५ सेंटिमीटरचा लावता येतो. मात्र रिकाम्या खोबणींत त्यांची झाकणं बसवा, नाहीतर त्या पाणी ओढत राहतात.

फिन घेण्याआधी खोबणीचा प्रकार तपासा: यूएस बॉक्स, स्लॉट बॉक्स, पॉवर बॉक्स. एकाचा फिन दुसऱ्यात बसत नाही. यूएस बॉक्सची खोबण लांब असते, त्यामुळे फिन पुढे-मागे सरकवायला भरपूर जागा मिळते. शिकताना याचा फार उपयोग होतो.

आता बसवणं. बोर्ड टॉवेलवर उलटा ठेवा आणि खोबणीतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा. बाजूचा फिन हातात घेऊन बोट फिरवा: एक बाजू सपाट लागेल, दुसरी फुगीर. सपाट बाजू आत, मधल्या फिनकडे. फुगीर बाजू बाहेर, कडेकडे. ही अदलाबदल झाली की बोर्ड ओढल्यासारखा चालतो आणि कारण काही केल्या सापडत नाही. दोन्ही बाजूंच्या फिनच्या पुढच्या टोकापासून शेपटापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि सारखं करा. सुरुवातीला सगळे फिन खोबणीच्या मध्यापेक्षा जरा मागे ठेवा. बोर्ड सरळ धावतो आणि शेपूट कमी घसरतं. वळणं जमायला लागली की मधला फिन अर्धा-अर्धा सेंटिमीटर पुढे आणा. स्क्रू घट्ट करा पण पिळू नका, आणि एक जास्तीचा स्क्रू पिशवीत राहू द्या.

पाचवी पायरी: मास्टचा पाय

खोबणीच्या मध्यावर सुरुवात करा. कंपनीने शिफारस केलेली खूण असेल तर तिथे. शेपटापासून मास्टच्या पायाच्या मध्यापर्यंत टेप लावून अंतर मोजा आणि लिहून ठेवा. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर पुढचे बदल करता येत नाहीत.

आपण वजनाने जड, त्यातून नवखे, त्यामुळे मागच्या पायावर रेलतो आणि नाक वर येतं. अशा वेळी मास्टचा पाय एक सेंटिमीटर पुढे घेतला की शिडाचा दाब नाकावर येतो आणि बोर्ड लवकर प्लेनिंगला लागतो. किनाऱ्याकडे येणाऱ्या तिरक्या वाऱ्यात मी हेच सुचवीन. उलट बोर्ड पाण्याला चिकटल्यासारखा, वळायला जड वाटत असेल तर एक सेंटिमीटर मागे. एका वेळी एकच बदल करा. फिनही हलवले आणि मास्टही, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

खालचा लवचिक जोड दर वेळी वाकवून बघा. रबरी जोडावर बारीक चिरा दिसल्या की तो बदलायचा. आपलं वजन त्यावर जास्त ताण देतं, आणि हा जोड तुटतो तो भर समुद्रात.

सहावी पायरी: पायपट्ट्या

वेव्ह बोर्डला पुढे दोन आणि मागे मध्यावर एक, अशा तीन पट्ट्या. पुढच्या पट्ट्या आधी मधल्या भोकांत लावा. तुम्ही उंच असाल तर मागची पट्टी एक भोक मागे घ्या, म्हणजे पाय नैसर्गिक अंतरावर पडतात.

पट्टीचं माप पाण्यात घालणार ते बूट चढवूनच घ्या. पाय आत सरकवल्यावर पाचही बोटं पलीकडून डोकावायला हवीत, पट्टी पायाच्या फुगवट्याच्या सुरुवातीशी टेकायला हवी. त्याहून सैल झाली तर पाय घोट्यापर्यंत आत जातो. हे टाळायलाच हवं: पडताना बोर्ड एका बाजूला आणि शरीर दुसऱ्या बाजूला फिरतं, आणि शंभर किलोंच्या झटक्याने घोटा मोडतो. फार घट्ट असली तर पाय वेळेवर निघत नाही. गवतावर किंवा वाळूवर बोर्ड ठेवून, फिन काढून, पाय पट्टीत घाला आणि टाच जरा फिरवून खेचा. एका झटक्यात पाय मोकळा झाला की माप बरोबर. पट्टी फिरू नये म्हणून स्क्रूखाली दातेरी चकती येते. ती वगळू नका.

सातवी पायरी: शीड

बोर्ड मोठा घेतला आणि शीड हलक्या माणसाचं वापरलं तर फायदा नाही. ढोबळ हिशोब वजनाच्या प्रमाणात करा. वीस नॉटमध्ये ७५ किलोंचा माणूस ४.७ चौरस मीटरचं शीड लावत असेल, तर ९५ किलोंच्या माणसाला सहाच्या जवळपास जावं लागतं. म्हणून आपल्यासाठी ५.८, ५.२ आणि ४.६ असा संच सोयीचा. पहिली खरेदी ५.८ ची करा. मास्ट बारीक व्यासाचा; शिडावर छापलेल्या लांबीचाच, बहुधा ४०० किंवा ४३० सेंटिमीटर.

खालचा ताण कंपनीच्या कमीतकमी खुणेवर ठेवा, बूमकडचा दोन-तीन सेंटिमीटरच ओढा. शिडाला पोट राहिलं की ते लाटांच्या मधल्या मंद वाऱ्यातही तुम्हाला ओढतं. बूम खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये. मास्टवर, बूमच्या टोकाशी, जाड फोमचं आवरण बांधा. वजनदार माणूस पुढे फेकला जातो तेव्हा मास्ट बोर्डच्या नाकावर आपटतो आणि नाक फुटतं. हे आवरण दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. हेल्मेट आणि धक्का सोसणारं जाकीट घाला. जाकिटाने वॉटरस्टार्टच्या वेळी तरंगायलाही मदत होते.

पाण्यात जाण्यापूर्वी हवेचा स्क्रू बंद आहे ना, हे हाताने तपासा. भर उन्हात बोर्ड ठेवताना किंवा विमानाने नेताना तो उघडायचा असतो, आणि उघडाच राहून गेला तर बोर्ड पाणी पितो. काही नव्या बोर्डना आपोआप श्वास घेणारी झडप असते, त्यांना हे लागू नाही.

पाण्यात उतरल्यावर

पहिले काही दिवस कमरेएवढ्या लाटाच निवडा. किनाऱ्यावर दहा मिनिटं थांबून लाटांच्या माळा मोजा. मोठ्या लाटांचा गट आला की त्यानंतर काही काळ समुद्र निवळतो. तेव्हा निघायचं. फेसाळ पाण्याशी पोचताना बोर्ड काटकोनात ठेवा, वजन क्षणभर मागच्या पायावर घेऊन नाक फेसावर चढू द्या, आणि लगेच पुढे झुका. पुढे झुकायचं राहिलं तर वजनदार माणूस तिथेच बुडतो.

शेपूट सारखं घसरत असेल तर आधी मागच्या पायाचा जोर कमी करून बघा. तरी घसरलं तर मधला फिन मोठा करा. नाक वर येऊन बोर्ड सुटत नसेल तर मास्टचा पाय पुढे. वेगात बोर्ड उसळून हातातून निसटत असेल तर तोच इलाज, शिवाय शिडाचा खालचा ताण वाढवा. लाटेच्या पायथ्याशी वळताना बोर्ड अडत असेल तर फिन पुढे किंवा बाजूचे फिन लहान. किनाऱ्यावर येऊन प्रत्येक बदल वहीत टिपा: वारा, शीड, फिन, मास्टचं अंतर.

वीस नॉटमध्ये १०५ लिटरवर तुम्ही सहज बाहेर जाऊ लागलात आणि पंचवीसच्या वर तोच बोर्ड हातात राहत नाहीसा झाला, की दुसऱ्या बोर्डचा विचार करा. तो वजनापेक्षा पाच ते दहा लिटर कमी, अरुंद आणि जास्त बाकाचा घ्यावा. पहिला मात्र विकू नका; वर्षातले बहुतेक दिवस तोच लागतो.